डिशचं गाइड चुकतंय? आधी घड्याळ बघा

आषाढी एकादशीची शासकीय महापूजा पंढरपुरात पहाटे अडीचच्या सुमारास होते आणि सह्याद्री वाहिनी ती थेट दाखवते. शिरूर कासार तालुक्यातल्या पुष्कळ घरांत ही पूजा बघायची असते. पण दिवसभर रानात राबलेल्या माणसाला त्या वेळी उठणं होत नाही. म्हणून सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावायचा, गाइडमधून पूजेवर जायचं, रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि झोपायचं. सकाळी बघावं तर पेनड्राइव्हवर आदल्या रात्री नऊ वाजताचा भलताच कार्यक्रम. मग बॉक्स गेला, पेनड्राइव्ह गेला असं म्हणून नवा आणला जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं.

असं झालेलं असेल तर पैसे खर्च करण्याआधी हा लेख वाचा. अशा प्रसंगी बॉक्स आणि पेनड्राइव्ह बहुधा ठणठणीत असतात. बिघडलेलं असतं ते गाइड, म्हणजे कोणत्या वाहिनीवर किती वाजता काय आहे हे सांगणारं कार्यक्रमांचं वेळापत्रक. ते घरबसल्या दुरुस्त करता येतं, फक्त चूक नेमकी कुठे आहे हे आधी ओळखावं लागतं.

गाइड बॉक्समध्ये आधीपासून भरलेलं नसतं. चित्र आणि आवाज ज्या लहरींवरून येतात त्यांच्यातूनच काही तक्ते सतत येत असतात. एका तक्त्यात वाहिन्यांची नावं, एकात आत्ताची वेळ, एकात कार्यक्रमांची यादी. आपल्याकडची डिश असो की केबल, दोन्हीकडे डीव्हीबी नावाची युरोपात ठरलेली पद्धत वापरली जाते. या पद्धतीत कार्यक्रमाची वेळ भारतीय वेळेत लिहिलेली नसते, जागतिक वेळेत असते. ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवण्याचं काम बॉक्सचं. त्याने ते केलं नाही, तर पहाटे अडीचची महापूजा आदल्या दिवशी रात्री नऊला दिसते. वरच्या रेकॉर्डिंगचं कोडं इथेच सुटतं.

त्यामुळे पहिलं काम घड्याळाचं. रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबा, पडद्यावर आत्ताची वेळ दिसेल. ती मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. मग ज्याची वेळ तुम्हाला पक्की ठाऊक आहे असा एखादा कार्यक्रम, शक्यतो बातम्या, गाइडमध्ये शोधा आणि तिथली वेळ बघा. या दोन गोष्टी कागदावर टिपून घ्या. फरक किती आहे यावरून कारण कळतं.

साडेपाच तासांचा फरक असेल आणि कार्यक्रम खऱ्या वेळेच्या आधी दिसत असेल, म्हणजे संध्याकाळी सातच्या बातम्या दुपारी दीडला, तर बॉक्सला भारताची वेळ सांगितलेलीच नाही. मेनूत वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘जीएमटी ऑफसेट’ अधिक ५:३० करा. ‘जीएमटी यूसेज’ असं काही असेल तर ते चालू असायला हवं. फरक बरोबर एक तासाचा असेल तर ‘समर टाइम’ चालू राहिलेलं आहे. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, ती सोय आपल्याकडे कधीच चालू नको. अर्ध्या तासाचा फरक असेल तर बॉक्सला ५ किंवा ६ असे पूर्ण तासच कळतात, अर्धा तास कळत नाही. काही स्वस्त बॉक्समध्ये हा दोष जन्मतःच असतो. त्यांचं नवं सॉफ्टवेअर मिळालं तर टाकावं, नाहीतर गाइडवरून रेकॉर्डिंग लावणं सोडून वेळ हाताने टाकावी.

इथे एक गोष्ट दुकानातही सहसा कोणी सांगत नाही. घड्याळ आणि गाइड दोन्ही सारखंच चुकत असतील, तर गाइडवरून लावलेलं रेकॉर्डिंग बरोबर होतं. बॉक्सच्या लेखी सात वाजता दीड वाजलेले असतात आणि बातम्याही दीडलाच असतात, त्यामुळे दोघांचा मेळ बसतो. घोटाळा होतो तो एक चुकलं आणि दुसरं बरोबर असलं की. घरातल्या कोणीतरी घड्याळ हाताने बरोबर करून ठेवलेलं असतं आणि गाइड मात्र साडेपाच तास मागेच असतं. म्हणून नुसतं घड्याळ हाताने पुढे-मागे करू नका. ऑफसेट बदला, म्हणजे घड्याळ आणि गाइड एकत्र सरकतील.

कधी कधी एका वाहिनीवर घड्याळ बरोबर दाखवतं आणि दुसऱ्या वाहिनीवर गेलं की दहा-पंधरा मिनिटं पुढे पळतं. याचं कारण असं की वेळेचा तक्ता प्रत्येक ट्रान्सपॉन्डरवरून, म्हणजे वाहिन्यांचा एकेक गट घेऊन येणाऱ्या लहरीवरून, स्वतंत्रपणे येतो आणि पाठवणाऱ्याकडची वेळच चुकलेली असू शकते. अशा वेळी आपोआप वेळ घेण्याची सोय बंद करून घड्याळ मोबाइलवरून लावावं. ऑफसेट मात्र ५:३० च ठेवावा.

वेळेबरोबर तारीखही तपासा. आपण बोलताना ‘दशमीच्या रात्री अडीच वाजता’ म्हणतो, कारण आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. बॉक्सचा दिवस मध्यरात्री बारा वाजता सुरू होतो. महापूजेसाठी टायमर लावताना एकादशीचीच तारीख टाकायला हवी. दशमीची टाकली तर पूजेच्या चोवीस तास आधीचा कार्यक्रम टिपला जाईल. रात्री बारा ते पहाटे पाच यांच्यातल्या प्रत्येक रेकॉर्डिंगला हा नियम लावा.

घड्याळ बरोबर असूनही भलतीच वाहिनी रेकॉर्ड होत असेल तर चूक वाहिन्यांच्या यादीत आहे. आपल्या तालुक्यात याला एक खास कारण आहे. दिवाळीच्या आसपास हजारो घरं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेवढे महिने घरचा बॉक्स बंद असतो. नेमक्या त्याच सुमारास फ्री डिशवरच्या वाहिन्या बदलतात. प्रसार भारती फ्री डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने देते आणि वार्षिक लिलावातल्या जागांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या दिवशी काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काहींची जागा बदलते.

बॉक्स वाहिनीला नावाने ओळखत नाही. ट्रान्सपॉन्डर आणि त्यावरचा सेवा क्रमांक यांवरून ओळखतो. तुम्ही गेल्या वर्षी एखाद्या वाहिनीवर रोजचा टायमर लावला असेल आणि १ एप्रिलनंतर त्या क्रमांकावर दुसरी वाहिनी आली, तर बॉक्स विनातक्रार तीच रेकॉर्ड करत राहील. म्हणून एप्रिलचा पहिला आठवडा गेला की जुने टायमर सगळे पुसा, वाहिन्यांचा नव्याने स्कॅन करा आणि टायमर पुन्हा लावा. याच क्रमाने. आधी स्कॅन करून जुने टायमर तसेच ठेवले तर यादीतले क्रमांक सरकतात आणि गोंधळ वाढतो.

स्कॅन म्हणजे फॅक्टरी रीसेट नव्हे, हे विशेष सांगावंसं वाटतं. गाइडची साधी तक्रार घेऊन गेलं की सरळ रीसेट मारून देणारे पुष्कळ आहेत. त्यात वेळेचा ऑफसेट, टायमर, आवडत्या वाहिन्यांची यादी, सगळं जातं आणि मूळ चूक परत उभी राहते. काही रेकॉर्डर तर रीसेटनंतर पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करायला सांगतात. घरातल्या कोणी ‘ओके’ दाबलं की साठवलेली सगळी कीर्तनं गेली. रीसेट हा शेवटचा उपाय आहे आणि तो करण्याआधी सगळी सेटिंगं कागदावर उतरवून घ्यावीत.

आता कोऱ्या गाइडबद्दल. ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी पट्टी दिसली तर आधी बघा, ती एका वाहिनीवर आहे की सगळ्या. एकाच वाहिनीवर असेल तर त्या वाहिनीने माहिती पाठवलेलीच नाही, तुम्ही काही करू शकत नाही. फ्री डिशवर असं बऱ्याच वाहिन्यांचं होतं. काही वाहिन्यांवर दिसतं आणि काहींवर नाही असं असेल, तर बॉक्सला गोळा करायला वेळ मिळालेला नाही. साधे बॉक्स ज्या ट्रान्सपॉन्डरवर आहेत तेवढ्याचंच गाइड उचलतात. ‘आत्ता’ आणि ‘यानंतर’ हे दोन कार्यक्रम दर दोन सेकंदांनी येतात, त्यामुळे ते लगेच दिसतात. पुढच्या दिवसांची यादी मोठी असते आणि ती सावकाश भरते. वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरवरच्या एकेका वाहिनीवर पाच-दहा मिनिटं थांबलं की त्या-त्या गटाचं गाइड भरतं. बोर्डाचं बटण बंद केलं की अनेक बॉक्समध्ये ते पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सगळ्याच वाहिन्यांचं गाइड अर्धवट असेल आणि चित्रही अधूनमधून फुटत असेल तर छत्री बघा. चित्रातला एखादा चौकोन फुटला तर डोळा तो सोडून देतो, पण तक्त्यातला एक बाइट चुकला तरी बॉक्स तो पूर्ण भाग टाकून देतो. त्यामुळे सिग्नल जरासा कमी झाला की चित्र कसंबसं चालू राहतं आणि गाइड मात्र गळतं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. शिरूर कासारहून तो जवळजवळ नेमक्या आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. त्या दिशेला गेल्या दोन-तीन वर्षांत लिंब किंवा बाभूळ वाढली असेल, पत्र्याचं शेड उभं राहिलं असेल, वाऱ्यावावटळीने खांब कलला असेल, तर तेच कारण. एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या डबीच्या) तोंडावरची टोपी उन्हाने तडकते आणि आत पाणी जातं, तीही बघून घ्या. केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर गंजलेला असेल तर तो बदलायला फार खर्च येत नाही.

मराठी अक्षरांचा घोळ हा वेगळाच आजार आहे. गाइडमध्ये नावांच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील तर बॉक्समध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मेनूत ईपीजीची, म्हणजे गाइडची, भाषा इंग्रजी करून बघा. वाहिनीने इंग्रजी नावंही पाठवली असतील तर ती दिसतील. चौकोनांऐवजी टोप्या आणि टिंबं लावलेली रोमन अक्षरं लांबच लांब दिसत असतील, तर वाहिनीने पाठवलेला मजकूर बॉक्स चुकीच्या लिपीतक्त्याने वाचतो आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांटी धरून पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. बॉक्स त्या प्रत्येक बाइटला एक अक्षर समजतो आणि पाच चिन्हांच्या जागी पंधरा वेडीवाकडी अक्षरं दाखवतो. वाहिनीने मजकुराच्या सुरुवातीला ‘हा यूटीएफ-८ आहे’ असा इशारा देणारा एक बाइट पाठवायचा असतो. तो राहिला की असं होतं.

पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडणं, जोडाक्षरं सुटी होणं, हेही त्यातलंच. बॉक्सकडे अक्षरं आहेत, पण ती जोडण्याचं ज्ञान नाही. आणखी एक तक्रार ऐकू येते, कार्यक्रमाची माहिती अर्ध्या वाक्यात तुटते. नाव आणि थोडक्यात माहिती मिळून एका कप्प्यात २५५ बाइटपेक्षा जास्त मावत नाही. इंग्रजीत तेवढ्यात तीन-चार ओळी बसतात, मराठीत ऐंशी-एक चिन्हांत कप्पा भरतो. उरलेलं पाठवायला दुसरा कप्पा आहे, पण तो भरण्याची तसदी प्रत्येक जण घेत नाही. मराठी प्रेक्षकाला मराठीत नीट माहिती मिळायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं. गाइडबद्दल तक्रार कराल तेव्हा हेही लिहावं.

तालुक्यातल्या काही तरुणांनी जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय घेऊन त्याला डिशचा ट्यूनर लावून घरचाच रेकॉर्डर केला असेल किंवा करायचा विचार असेल. व्हीडीआर आणि टीव्हीहेडएंड ही त्यासाठीची फुकट मिळणारी सॉफ्टवेअर. गाइड दुरुस्त करण्याची खरी सोय यांच्यात आहे. व्हीडीआरमध्ये ‘ईपीजी बगफिक्स लेव्हल’ नावाचं सेटिंग आहे, ते वाढवलं की वाहिन्यांच्या नेहमीच्या चुका सॉफ्टवेअर स्वतः सावरतं. त्याचंच ‘ईपीजीफिक्सर’ हे जोडसॉफ्टवेअर घेतलं तर ठरावीक वाहिनीचा लिपीतक्ता बदलता येतो, नावात घुसलेला फालतू मजकूर कापता येतो आणि एका वाहिनीचं गाइड दुसरीला देता येतं. टीव्हीहेडएंडमध्येही वाहिनीच्या पानावर दुसऱ्या वाहिनीचं गाइड उसनं घ्यायची सोय आहे. एकाच वाहिनीच्या एचडी रूपाचं गाइड कोरं आणि साध्या रूपाचं भरलेलं असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

बाहेरून एक्सएमएलटीव्ही फाइल आणून गाइड भरत असाल तर वेळेच्या पुढे +०५३० आहे ना ते बघा (फाइलीत हे अंक इंग्रजी आकड्यांतच लिहायचे). ते नसेल तर सॉफ्टवेअर ती वेळ जागतिक धरतं आणि वर साडेपाच तास मिळवतं. तेव्हा चूक उलट्या बाजूला होते, संध्याकाळी सातचा कार्यक्रम रात्री साडेबाराला जातो. वेळ पुढे सरकली असेल तर फाइल तपासा, मागे सरकली असेल तर सेटिंग. रास्पबेरी पायच्या बहुतेक नमुन्यांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली आणि परत आल्यावर इंटरनेट नसेल तर ते भलतीच वेळ धरून बसतं आणि सगळे टायमर हुकतात. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून डीएस३२३१ सारखं छोटं बॅटरीवालं घड्याळ त्याला जोडाच.

गाइड अगदी बरोबर असलं तरी कार्यक्रम वेळेवर सुरू होईलच असं नाही. क्रिकेटचा सामना लांबतो, मालिकेचा महाएपिसोड असतो, बातम्यांमुळे पुढचं सगळं सरकतं. व्हीडीआरच्या कर्त्यांनी टायमरला सुरुवातीपूर्वी २ आणि शेवटानंतर १० मिनिटांची मोकळीक आधीच ठेवलेली आहे. तुमच्या बॉक्समध्ये अशी सोय नसेल तर वेळ हाताने टाकताना तेवढी मोकळीक तुम्ही ठेवा. महापूजेसारख्या थेट कार्यक्रमाला तर गाइडवर मुळीच विसंबू नका. सह्याद्री वाहिनी, एकादशीची तारीख, १:४५ ते ५:००, असा टायमर हाताने लावा. त्यासाठी पेनड्राइव्हवर पाच-सहा जीबी जागा मोकळी असली की साध्या वाहिनीला पुरते. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंगचे काही बॉक्स तुकडे करतात आणि काही तिथेच थांबतात. लहानशी चाचणी घेऊन तुमचा बॉक्स यांतला कोणता ते आधीच बघून ठेवा.

रात्री बॉक्स रिमोटने बंद करा, बोर्डाचं बटण चालूच राहू द्या. बटण बंद असेल तर टायमर बॉक्सला उठवू शकत नाही. रात्रीची लाइट जाणार असेल तर बॉक्स इन्व्हर्टरवर घ्या. टीव्ही बंद असला तरी चालतं, रेकॉर्डिंगला टीव्ही लागत नाही.

खासगी डिशवाल्यांच्या आणि केबलच्या बॉक्समध्ये वेळेचं सेटिंग सहसा ग्राहकाच्या हाती नसतं, गाइड कंपनीच भरते. तिथे बॉक्सची पिन काढून दहा मिनिटांनी लावायची, रात्रभर स्टँडबायवर ठेवायचा आणि तरीही चूक राहिली तर ग्राहक सेवा केंद्राला कळवायचं. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जायचं, ट्रायच्या नियमांत तशी तरतूद आहे. ‘गाइड नीट दिसत नाही’ एवढंच सांगू नका. वाहिनीचं नाव आणि क्रमांक, कार्यक्रमाची खरी वेळ, गाइडमध्ये दिसलेली वेळ, तारीख आणि पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, एवढं द्या. पत्ता सांगताना शिरूर कासार, जिल्हा बीड असा पूर्ण सांगा. पुणे जिल्ह्यातही शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे आणि नुसतं शिरूर म्हटलं की तक्रार दुसऱ्याच जिल्ह्यात नोंदली जाऊ शकते. आणि तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.